बर्गंडीतील कौटुंबिक द्राक्षमळा : शार्दोनेच्या श्वेत मद्याआडचा भूधारणेचा इतिहास

१

फ्रान्सच्या पूर्वभागात दिजाँ नगरापासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर पसरलेला एक अरुंद उतार आहे. त्याला कोत-दोर असे नाव आहे. या उताराच्या दक्षिणार्धातील म्युर्सो, प्युलीन्यी व शासान्य ही तीन गावे, आणि येथून दूर वायव्येस योन प्रांतात वसलेले शाब्ली हे चौथे गाव, अशा चार ठिकाणी शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून जे श्वेत व गोडी न उरलेले, म्हणजेच ‘ड्राय’, मद्य तयार होते, ते आज जगात त्या प्रकाराचा मानदंड समजले जाते. कॅलिफोर्नियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ज्या ज्या देशांत शार्दोनेची लागवड झाली, तेथील उत्पादकांनी स्वतःच्या मालाची तुलना प्रथम याच गावांच्या मालाशी केली.

या मद्याविषयी जे लेखन होते, त्यात एक गृहीतक वारंवार आढळते. एखाद्या लहानशा मळ्यावर एकच कुटुंब शतकानुशतके राबत आले आहे, वडिलांनी मुलाला व मुलाने नातवाला जमिनीचा स्वभाव शिकविला आहे, आणि मद्याच्या गुणाचे मूळ या अखंड परंपरेत आहे, असे हे गृहीतक होय. लहान कौटुंबिक मळा हा जणू मध्ययुगाचा जिवंत अवशेष आहे, असा त्याचा ध्वनी असतो. इतिहासाच्या कसोटीवर हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जमिनीचे तुकडे कसे पडले, ते राबणाऱ्या कुटुंबाच्या हाती केव्हा आले, आणि त्या तुकड्यांना किंमत कशी प्राप्त झाली, हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे आहेत. त्यांची उत्तरे निरनिराळ्या काळांत सापडतात.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. वारसाहक्काने होणारे जमिनीचे विभाजन हा दख्खनच्या कृषिइतिहासातील एक जुना प्रश्न आहे. एका भूप्रदेशात जी गोष्ट दारिद्र्याचे कारण ठरली, तीच दुसऱ्या भूप्रदेशात वैभवाचे अधिष्ठान का व्हावी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

२

प्रथम द्राक्षाविषयी. शार्दोने हे नाव माकोने भागातील एका खेड्याचेही आहे. या जातीच्या कुळाविषयी अनेक तर्क प्रचलित होते. तिला पिनोची एक श्वेत शाखा मानण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. १९९९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कॅरोल मेरेडिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच संशोधकांच्या साहाय्याने जनुकीय परीक्षण करून हा प्रश्न निकालात काढला. शार्दोने ही पिनो आणि गुए ब्लाँ या दोन जातींच्या संकरातून निर्माण झाली आहे. याच जोडीपासून गामे, अलिगोते, मेलाँ इत्यादी धरून सोळा जाती उत्पन्न झाल्याचे त्याच परीक्षणात आढळले.

या निष्कर्षाला सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे. पिनो ही ड्यूकांच्या व मठांच्या प्रतिष्ठेची जात होती. गुए ही भरपूर पिकणारी, परंतु हलक्या मद्याची म्हणून हिणवली गेलेली, सामान्य शेतकऱ्याच्या वेलींतील जात होती. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामेच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. त्याला ज्या वेलीचा तिरस्कार होता तिची, आणि आज ज्या श्वेत मद्याचा गौरव होतो त्याच्या वेलीची, माता-पित्यांची जोडी एकच होती. प्रतिष्ठित व अप्रतिष्ठित वेली एकाच शिवारात शेजारी शेजारी वाढत असल्याशिवाय असा संकर संभवत नाही. मध्ययुगीन बर्गंडीचा मळा आजच्यासारखा एका जातीचा, निर्भेळ व शिस्तबद्ध नव्हता, याचा हा एक अप्रत्यक्ष पुरावाच होय.

आता जमिनीविषयी. ९१० च्या सुमारास स्थापन झालेला क्ल्युनीचा मठ आणि १०९८ साली स्थापन झालेला सितोचा मठ, या दोन संस्थांनी बर्गंडीच्या द्राक्षशेतीला आकार दिला. सितोच्या परंपरेतील पोंतीन्यी हा मठ १११४ साली शाब्लीपासून जवळच स्थापन झाला. शाब्लीच्या उतारांवर त्याच्या बागा होत्या. दान, खरेदी व अदलाबदल या मार्गांनी मठांनी मोठाले सलग मळे निर्माण केले. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्लो द व्हूजो हे होय. सुमारे ५० हेक्टरांचा हा भिंतीने वेढलेला मळा आज प्रामुख्याने तांबड्या मद्याचा आहे. तो बाराव्या शतकापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत सितोच्या मठाच्या ताब्यात होता. मठांच्या खालोखाल दिजाँ व बोन येथील न्यायाधीश, सरदार व सधन नागरिक यांच्याकडे बागा होत्या. प्रत्यक्ष राबणारा माळकरी हा बहुधा मजूर, ठेक्याने काम करणारा किंवा अर्धेलीने जमीन कसणारा असे. त्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन असलीच तर ती उताराच्या पायथ्याशी, सपाट व ओलसर भागात, कमी प्रतीची असे.

म्हणजे उत्कृष्ट मद्याचा मळा हा मध्ययुगात लहानही नव्हता आणि राबणाऱ्या कुटुंबाचाही नव्हता. जुने होते ते शिवारांचे नामकरण. दगडी बांध, उताराची दिशा, मातीचा रंग यांवरून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव पडले. अशा नामांकित तुकड्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. कोत-दोरच्या उतारावरील १,२४७ क्लिमांचा समावेश युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत केला. नाव जुने आणि मालक नवा, हा भेद पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावयास हवा.

३

२ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. पुढील वर्षांत मठांच्या बागा लिलावात निघाल्या. क्लो द व्हूजोची विक्री १७९१ साली झाली. या लिलावांमुळे जमीन शेतकऱ्यांच्या हाती गेली, असा समज सर्वत्र आहे. उत्तम बागांच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. मोठ्या व प्रसिद्ध बागा विकत घेण्याइतका पैसा सावकार, व्यापारी व शहरी धनिक यांच्यापाशीच होता, व त्यांनीच त्या घेतल्या. क्लो द व्हूजो तर १८८९ पर्यंत जवळजवळ अखंडच राहिला. त्या वर्षी तो अनेक खरेदीदारांत विभागला गेला, आणि आज त्याचे सुमारे ऐंशी मालक आहेत. क्रांतीने मालक बदलला, परंतु तुकडे पाडण्याचे काम प्रामुख्याने लिलावाने केले नाही. ते काम वारसाच्या कायद्याने केले.

१७९० ते १७९४ या अवधीत क्रांतिकारी सभांनी ज्येष्ठाधिकार रद्द केला व सर्व अपत्यांना समान वाटा मिळावा असे कायदे केले. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेने हे तत्त्व काहीशा सौम्य स्वरूपात कायम केले. पित्याला मृत्युपत्राने देता येईल असा भाग मर्यादित राहिला. उरलेल्यावर सर्व मुलामुलींचा हक्क निश्चित झाला. यातील न्यायबुद्धी उघड आहे. कन्यांनाही पुत्रांइतकाच वाटा मिळाला, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. परंतु द्राक्षमळ्याच्या बाबतीत या न्यायाचा एक विशेष परिणाम झाला. धान्याच्या शेतात एका भावाने वरचे शेत व दुसऱ्याने खालचे शेत घेतले तर फरक थोडा पडतो. जेथे दहा पावलांवर मद्याचा गुण व भाव बदलतो, तेथे न्याय्य वाटणी करावयाची तर प्रत्येक वारसाला प्रत्येक शिवारातील काही ओळी द्याव्या लागतात. त्यामुळे विभाजन दुहेरी झाले. एका शिवाराचे अनेक मालक झाले आणि एका मालकाची जमीन अनेक शिवारांत विखुरली गेली.

मोंराशे हे शिवार याचे ठळक उदाहरण आहे. शार्दोनेच्या मद्यात ज्याचे स्थान सर्वोच्च मानतात, त्या या शिवाराचे क्षेत्र अवघे आठ हेक्टर आहे. ते प्युलीन्यी व शासान्य या दोन गावांत वाटले गेले आहे. १८७९ साली या दोन्ही गावांनी त्याचे नाव आपापल्या नावास जोडून घेतले. या आठ हेक्टरांचे पंधराहून अधिक मालक आहेत. त्यांत लागीश घराण्याचा सुमारे दोन हेक्टरांचा भाग १७७६ पासून त्याच घराण्याकडे चालत आला आहे. अशी अखंडता हा तेथे अपवाद होय. ती लक्षात राहते, ती याच कारणाने.

अशा तुकड्याचे अर्थकारण थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. या उतारावर हेक्टरी सुमारे १०,००० वेली लावतात, आणि सर्वोच्च श्रेणीच्या श्वेत मद्यासाठी हेक्टरी सुमारे ४० हेक्टोलिटर उत्पन्नाची मर्यादा असते. एखाद्या वारसाच्या वाट्यास दशांश हेक्टर आले, तर त्याच्यापाशी सुमारे १,००० वेली व ४०० लिटर मद्य येते. बर्गंडीचे प्रमाणित पीप २२८ लिटरांचे असते. म्हणजे त्याची दोन पिपेही पुरती भरत नाहीत. यंत्र, तळघर, बाटल्या, गिऱ्हाइकांचा शोध यांचा खर्च दोन पिपांवर बसविणे शक्य नसते. यामुळे एकोणिसाव्या शतकात लहान मालकाला आपला माल बोन येथील व्यापारी पेढ्यांना पिपाने विकण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. या पेढ्यांपैकी काहींचा इतिहास अठराव्या शतकापर्यंत मागे जातो. बूशार ही पेढी १७३१ सालची आहे. पेढी निरनिराळ्या तुकड्यांचा माल एकत्र करी, तो मुरवी, व स्वतःच्या नावाने विकी. कुटुंबाचे नाव बाटलीवर येण्याचा प्रश्नच नव्हता.

४

लहान मळा राबणाऱ्याच्या मालकीचा झाला तो एका आपत्तीमुळे. १८५० च्या दशकात भुरी रोगाने फ्रेंच बागांना ग्रासले. गंधकाच्या वापराने त्यावर मात करता आली. त्यापाठोपाठ फायलॉक्सेरा ही वेलीच्या मुळांवर जगणारी अमेरिकन कीड आली. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये तिची लक्षणे दिसू लागली. १८६८ साली माँपेलिये येथील प्लांशाँ यांनी सहकाऱ्यांसह तिची ओळख पटविली. १८७८ साली ती म्युर्सो येथे आढळली, म्हणजे शार्दोनेच्या खास प्रदेशात तिचा प्रवेश झाला. १८८० च्या दशकात ती योनमध्ये पोचली.

किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करणे, हा एकमेव टिकाऊ उपाय ठरला. तथापि बर्गंडीत त्याला प्रारंभी कडवा विरोध झाला. परकीय मुळांमुळे मद्याचा गुण नष्ट होईल अशी भीती होती, आणि अमेरिकन वेलींबरोबर कीडही येईल या कारणास्तव त्यांच्या आयातीवर बंदीही होती. कोत-दोरमध्ये कलमी लागवडीला मोकळीक मिळाली ती १८८७ च्या सुमारास. शार्दोनेच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तिला मानवणारी जमीन चुनखडीची असते, आणि प्रारंभीचे बहुतेक अमेरिकन खुंट चुनखडीत पिवळे पडून मरत. १८८७ साली प्येर व्हियाला यांना चुनखडी सोसणाऱ्या वेलींच्या शोधार्थ फ्रेंच सरकारने अमेरिकेस पाठविले. टेक्सासमधील डेनिसन येथील द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांच्या मार्गदर्शनाने व्हिटिस बर्लांडिएरी ही जाती पुढे आली. तिचा युरोपीय वेलीशी संकर करून बनविलेला ‘४१ बी’ हा खुंट चुनखडीच्या जमिनीत उपयोगी पडला. आज ज्या वेलींना प्राचीन परंपरेचे प्रतीक समजतात, त्यांची मुळे अक्षरशः या काळातील अमेरिकन संकराची आहेत.

पुनर्लागवडीचा खर्च मोठा होता. नवी वेल फळाला येईपर्यंत तीन-चार वर्षे उत्पन्न नसे. मजुरी चढत होती. दुसरीकडे, पॅरिस–ल्यों–मार्सेय लोहमार्ग १८५० च्या दशकात पूर्ण झाल्याने दक्षिणेकडील स्वस्त मद्य राजधानीत येऊन पोचले होते, व भाव पडले होते. शहरी धनिकाला मळा ही ठेव राहिली नाही, तो एक भार वाटू लागला. जमिनीच्या किमती कोसळल्या. अशा वेळी जमीन विकत घेतली ती मुख्यतः माळकऱ्यांनी. त्यांच्यापाशी भांडवल थोडे असले तरी मजुरीचा खर्च नव्हता, कारण घरचीच माणसे राबत होती. कलम बांधण्याचे नवे कौशल्यही त्यांनी हस्तगत केले होते. कोत-दोरच्या माळकऱ्यांवरील रोबेर लोराँ यांच्या अभ्यासाने या स्थित्यंतराचे महत्त्व १९५० च्या दशकात प्रथम विस्ताराने पुढे आणले. राबणारा व मालक या दोन भूमिका एका कुटुंबात एकत्र आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी.

हे चित्र एकसुरी नव्हते. प्युलीन्यीतील लफ्लेव्ह घराण्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. जोझेफ लफ्लेव्ह हे व्यवसायाने नौकानयन क्षेत्रातील अभियंता होते. १९०५ ते १९२५ या काळात, फायलॉक्सेरामुळे भाव पडलेले असताना, त्यांनी गावातील बागा एकामागून एक विकत घेऊन वडिलोपार्जित जमिनीत भर घातली व योग्य खुंटांवर पुनर्लागवड केली. शार्दोनेच्या कौटुंबिक मळ्याचे हे जगप्रसिद्ध उदाहरण मोठ्या प्रमाणात विसाव्या शतकातील खरेदीतून उभे राहिलेले आहे.

शाब्लीची कथा अधिक दारुण आहे. योन प्रांतात एकोणिसाव्या शतकात सुमारे ४०,००० हेक्टरांवर द्राक्षवेली होत्या. पॅरिसला नदीमार्गे जाणाऱ्या स्वस्त मद्यावर त्या जगत होत्या. लोहमार्ग, फायलॉक्सेरा, केवडा रोग आणि पुढे पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानी यांनी हा व्यवसाय मोडून पडला. १९५० च्या दशकात शाब्लीच्या खास क्षेत्रात सुमारे ५०० हेक्टर एवढीच लागवड उरली होती. वसंतातील हिमतुषाराने पीक वारंवार जाई. १९५७ चे वर्ष त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. तेथील कुटुंबे धान्य व गुरे यांच्यावर जगत आणि मळा जोडधंदा म्हणून राखीत. १९२३ साली स्थापन झालेल्या ‘ला शाब्लिझियेन’ या सहकारी संस्थेने यांतील अनेकांना तगविले. हिमतुषारापासून बचावाची साधने रुळल्यानंतर व १९७० च्या दशकात क्षेत्राच्या सीमा विस्तारल्यानंतर लागवड वाढत गेली. आज ती ५,००० हेक्टरांहून अधिक आहे. या गावात परंपरा अखंड चालत आली असे म्हणणे म्हणजे दोन पिढ्यांच्या हालअपेष्टा विसरणे होय.

५

तुकडा राबणाऱ्याच्या मालकीचा झाला, परंतु त्याला नावाची किंमत अद्याप यावयाची होती. त्यासाठी कायदा आवश्यक ठरला. व्यापारी पेढ्यांच्या दृष्टीने ‘म्युर्सो’ वा ‘मोंराशे’ ही नावे एका विशिष्ट दर्जाची खूण होती. शेजारच्या गावचे मद्य त्या तोलाचे असेल तर ते त्या नावाने विकण्यात त्यांना गैर वाटत नसे. नाव हे ठिकाणाचे की दर्जाचे, हा वाद वस्तुतः मालक व व्यापारी यांच्यातील सत्तेचा वाद होता. १ ऑगस्ट १९०५ च्या भेसळविरोधी कायद्याने त्याला तोंड फुटले. ६ मे १९१९ च्या कायद्याने उत्पत्तिस्थानाचे नाव हा ठिकाणाचा हक्क मानला, व सीमा ठरविण्याचे काम न्यायालयांकडे सोपविले. पुढील दशकात बर्गंडीत खटल्यांची रांग लागली. ओलिव्हिये झाके यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संघर्षाचा तपशीलवार वेध घेतला आहे. ज्याला आज सनातन व्यवस्था समजतात ती याच संघर्षातून रचली गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

३० जुलै १९३५ च्या अध्यादेशाने झोझेफ काप्यू यांच्या पुढाकारातून नियंत्रित उत्पत्तिनामाची पद्धती अस्तित्वात आली. मोंराशेला हे संरक्षण १९३७ साली व शाब्लीला १९३८ साली मिळाले. द्राक्षाची जात, हेक्टरी उत्पन्न, किमान मद्यांश, छाटणीची रीत हे सर्व नियमबद्ध झाले. यामुळे दोन पिपांचा धनी असलेल्या कुटुंबालाही कायद्याने संरक्षित असे नाव लाभले. हे नाव पेढीवाल्याला त्याच्यापासून हिरावता येत नव्हते. याच सुमारास व्होल्ने येथील मार्की दांजेरव्हील व न्युई येथील आंरी गूज यांनी व्यापाऱ्यांशी संघर्ष पत्करून माल स्वतःच बाटलीत भरून विकावयास आरंभ केला. हे दोघे तांबड्या मद्याचे उत्पादक असले तरी त्यांनी घालून दिलेला पायंडा श्वेत मद्याच्या गावांनीही उचलला. ही प्रथा सार्वत्रिक झाली ती मात्र १९६० नंतरच्या दशकांत. बाटलीवर कुटुंबाचे नाव असलेला लहान मळा हे वाचकाच्या मनातील परिचित चित्र त्या काळातले आहे.

मद्याच्या ‘ड्राय’पणाचा विचारही येथेच करावयास हवा. रसातील साखरेचे किण्व मद्यार्कात रूपांतर करतात. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क निर्माण होतो. रसात २१० ग्रॅम साखर असेल व ती सर्व खर्ची पडली तर मद्य साडेबारा टक्क्यांच्या आसपासचे व गोडीविरहित होते. किण्वन अर्धवट थांबले, तर बाटलीत ते पुन्हा सुरू होण्याचा धोका राहतो. त्यामुळे किण्वन पुरे होऊ देणे हाच साधनहीन माळकऱ्याला निर्धोक मार्ग होता. पिपात भरल्यावर जिवाणूंच्या क्रियेने तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते व आंबटपणा मवाळ होतो. लपविण्यास गोडी नसल्यामुळे अशा मद्यात द्राक्षाच्या पक्वतेतील व हाताळणीतील प्रत्येक दोष उघडा पडतो. जेथे नावाची प्रतिष्ठा ठिकाणाच्या गुणावर उभी आहे, तेथे मद्याचे हे कोरडेपण जमिनीच्या दाव्याची रोजची परीक्षाच होऊन बसते.

रोझे द्यों यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला होता की, फ्रान्समधील नामवंत बागांचे स्थान केवळ मातीने ठरले नाही. बाजारपेठ, वाहतूक व मालकांची इच्छाशक्ती यांनी ते ठरविले. शार्दोनेचा पुढील इतिहास या मताला अंशतः दुजोरा देतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर यांनी घडवून आणलेल्या परीक्षणात फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली, तेव्हा श्वेत मद्यांत कॅलिफोर्नियातील शातो मोंतेलेनाच्या १९७३ सालच्या शार्दोनेला पहिले स्थान मिळाले. वेल, तंत्र व परिश्रम यांचे स्थलांतर होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. नावाचे मात्र स्थलांतर होऊ शकत नाही, आणि म्हणून बर्गंडीच्या तुकड्यांचा भाव त्यानंतरही वाढतच गेला.

६

येथे दख्खनची तुलना प्रस्तुत ठरते. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीत असे दाखविले की, १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि ती ७ एकरेही लहान लहान, विखुरलेल्या तुकड्यांत होती. या पाहणीने सुरू झालेल्या विचारमंथनाची परिणती मुंबई प्रांतात १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यात झाली. फ्रान्समध्येही १९४१ साली जमीन एकत्रीकरणाचा कायदा झाला. परंतु कोत-दोरच्या नामांकित उतारांना ते तत्त्व लागू पडण्यासारखे नव्हते, कारण मोंराशेतील दहा ओळींच्या बदल्यात पायथ्याची दुप्पट जमीन कोणी घेतली नसती.

कारण एकच, समान वाटणी. परिणाम मात्र परस्परविरुद्ध. ज्वारी-बाजरीच्या तुकड्यातून निघणारे धान्य शेजारच्या तुकड्यातील धान्यात मिसळले की त्याची ओळख संपते, व बाजारात त्याला सरसकट भाव मिळतो. तुकडा लहान होण्याने तेथे केवळ खर्च वाढतो. बर्गंडीच्या तुकड्याची ओळख कायद्याने बाटलीपर्यंत टिकवून धरली. १९१९ पूर्वी, बोनच्या पेढीत माल मिसळला जात होता तोपर्यंत, बर्गंडीच्या लहान मालकाची स्थिती दख्खनच्या कुणब्यापेक्षा तत्त्वतः वेगळी नव्हती. दोघांमधला फरक मातीत शोधण्यापेक्षा विक्रीच्या व्यवस्थेत शोधणे अधिक योग्य होय. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भारतात भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळालेली आहे. एका विस्तृत प्रदेशाचे नाव आणि एका शिवाराचे नाव यांत केवढे अंतर आहे, हे मोजण्यास बर्गंडीचा इतिहास उपयोगी पडेल.

तथापि या वैभवातच कौटुंबिक मळ्याच्या विनाशाचे बीज दडलेले आहे. सर्वोच्च श्रेणीच्या शिवारांत जमिनीचा भाव आज हेक्टरी कित्येक दशलक्ष युरो आहे. मद्याच्या वार्षिक विक्रीतून ही रक्कम वसूल होणे अशक्य. पिता मरण पावतो तेव्हा सरळ वारसांवरील कराचा सर्वोच्च दर ४५ टक्के असतो. काही सवलती जमेस धरल्या तरी कर भरण्यासाठी जमीन विकण्याचा प्रसंग येतो. शिवाय समान वाटणीचे तत्त्व कायम असल्याने, मळ्यात राबणाऱ्या भावाला शहरात गेलेल्या बहीणभावांचे वाटे चढ्या बाजारभावाने विकत घ्यावे लागतात. यावर उपाय म्हणून अनेक कुटुंबांनी जमीन न वाटता तिचे हिस्से वाटण्याची पद्धत स्वीकारली. १९७० च्या कायद्याने शेतजमिनीसाठी अशा सामाईक संस्थांना निश्चित रूप दिले. लफ्लेव्ह घराण्यात १९५३ साली जोझेफ यांच्या मृत्यूनंतर चारही अपत्यांनी मळा एकत्र ठेवण्याचा निर्णय घेतला होता. त्यांची नात आन-क्लोद यांनी १९९० पासून २०१५ मधील मृत्यूपर्यंत त्याची धुरा वाहिली. परंतु एकत्र राहण्यासाठी पिढीगणिक वाढणाऱ्या भागधारकांचे एकमत लागते, आणि त्यांतील एकाचाही मोह पुरेसा ठरू शकतो. कोर्ताँ-शार्लमान्य या शार्दोनेच्या शिवारात सुमारे अकरा हेक्टर धारण करणारा बोनो द्यु मार्त्रे हा पिढ्यान्‌पिढ्या एका कुटुंबाचा असलेला मळा २०१७ साली अमेरिकन उद्योगपती स्टॅन क्रोएन्के यांच्या बहुमताच्या मालकीचा झाला.

हवामानाचा प्रश्न याहून वेगळा असला तरी त्याचा आघात लहान मालकावरच अधिक होतो. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ पासूनची मालिका २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसते की, १९८८ नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होऊ लागली आहे. वेल लवकर फुटते, आणि शार्दोने तर स्वभावतःच लवकर फुटणारी आहे. यामुळे एप्रिलातील हिमतुषार कोवळ्या फुटव्यांवर पडतो. एप्रिल २०२१ मध्ये बर्गंडीच्या श्वेत मद्याच्या पिकाची अशीच मोठी हानी झाली. ज्याच्यापाशी दोन पिपे आहेत त्याला एका रात्रीत वर्षाचे उत्पन्न गमवावे लागते.

७

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, शार्दोनेचा लहान कौटुंबिक मळा हा मध्ययुगाचा अवशेष नाही. त्याची शिवारे व नावे मठांच्या काळातली आहेत. त्याचे तुकडे क्रांतीच्या समतेतून व नेपोलियनच्या संहितेतून पडले. त्याची मालकी राबणाऱ्या हातांत आली ती फायलॉक्सेराच्या आपत्तीनंतर, आणि त्याची किंमत १९१९ व १९३५ च्या कायद्यांनी घडविली. या चार थरांपैकी सर्वांत वरचे दोन फार तर दीडशे वर्षांचे आहेत. मठाचे स्वामित्व सातशे वर्षे टिकले, त्या मानाने कुटुंबाचे स्वामित्व अल्पवयीनच म्हणावे लागेल.

यामुळे त्याची योग्यता कमी होते असे नव्हे. उलट, जी व्यवस्था माणसांनी विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट हितसंबंधांशी झगडून उभी केली, ती परिस्थिती पालटल्यावर टिकविण्यासाठीही माणसांनाच निर्णय घ्यावे लागतात. सनातन समजलेल्या गोष्टीचे रक्षण करण्याची कोणाला निकड भासत नाही. समान वारसा आणि अखंड मळा ही दोन्ही मूल्ये एकाच वेळी जपावयाची तर कर, कर्ज व सामाईक मालकी यांविषयीचे नियम नव्याने घडवावे लागतील. तसे न झाल्यास शिवारांची नावे राहतील, भिंती राहतील, शार्दोनेच्या वेलीही राहतील. आणि १७९१ पूर्वीप्रमाणे मळ्याचा स्वामी एक व त्यात राबणारा दुसरा, ही जुनी विभागणी बर्गंडीच्या उतारावर परत आलेली दिसेल.